जेवल्याबिगार जायचं न्हाय: वडिलांच्या आठवणीत मुलांचे मित्र जमवायचे कसे

कोल्हापुरातल्या प्रत्येक पेठेत एखादं घर पोरांच्या अड्ड्याचं असतं. दारात आठ-दहा जोड चपला, कट्ट्यावर टेकवलेल्या सायकली, आणि आतून एका माणसाचा आवाज: "आलास व्हय? बस की. जेवल्याबिगार जायचं न्हाय." पोरगा स्वतःचा असो की त्याचा मित्र, या माणसाच्या लेखी ताट सारखंच. तो गेला की दहावा, तेरावा होतो, पुढं वर्षश्राद्ध होतं, पेपरात फोटो येतो. या सगळ्यात भावकी पुढं असते आणि मुलाचे मित्र मांडवाच्या कडेला उभे राहून, काकींना नमस्कार करून निघून जातात. त्या माणसाच्या निम्म्याअधिक आठवणी मात्र त्यांच्याकडेच असतात. वडिलांनी कुणाची फी भरली, कुणाला रात्री अकरा वाजता गाडीवरून घरी सोडलं, हे बऱ्याचदा घरात कुणाला माहीतच नसतं.

या आठवणी गोळा कशा करायच्या, त्यांची छोटी पुस्तिका कशी काढायची आणि ४० माणसांना एक दिवस जेवायला कसं बसवायचं, ते इथं सांगितलं आहे. मुलाच्या जागी मुलगी असली तरी पद्धत हीच. हाताशी तीन महिने ठेवा. त्यापेक्षा कमी वेळात जेवण होतं, पुस्तिका होत नाही.

तारीख

आठवणी मागायला पहिले दीड-दोन महिने सोडून द्या. त्या काळात लोक "देवमाणूस होते" यापलीकडं बोलत नाहीत, आणि ते खोटंही नसतं, पण छापण्याजोगं नसतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात विचारायला सुरुवात करा. कार्यक्रम वर्षश्राद्धाच्या दिवशी ठेवू नका. त्या दिवशी भटजी, नैवेद्य, घाटावरचं काम, पाहुणे यांतच दुपार जाते. शिवाय त्या दिवशीचं जेवण घरच्या रिवाजाप्रमाणं करायचं असतं, आणि मित्रांना अपेक्षित असतो रस्सा. वडिलांचा वाढदिवस किंवा त्याच्या जवळचा सुट्टीचा दिवस उत्तम.

रस्सा करायचा तर वार बघावा लागतो. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे म्हणून कितीतरी घरांत पाळतात. राहिले बुधवार आणि रविवार, त्यातला रविवारही काही जण जोतिबाचा म्हणून खात नाहीत. तरी नोकरदार येणार असतील तर रविवारच धरावा लागतो. श्रावण, पितृपक्ष, नवरात्र, एकादशी आणि रमजानचे दिवस टाळा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत गच्ची किंवा मळा ठरवू नका, पाऊस दगा देतोच. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार आले, पण गुरुवार तर तसाही गेलेलाच आहे.

मित्र शोधायचे कुठून

मुलाच्या फोनमध्ये जे नंबर आहेत ते सोपे. कठीण ते, जे बारा-पंधरा वर्षांत बोललेले नाहीत. त्यांना शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे लग्नातली आहेराची वही. तिच्यात नाव, गाव आणि कधी कधी कुणाबरोबर आला तेही असतं. घरात दोन लग्नं झाली असतील तर दोन्ही वह्या काढा. त्यानंतर शाळेचा वर्गफोटो, तालमीच्या किंवा फुटबॉल संघाचा फोटो, गल्लीतल्या मंडळाची वर्गणीची जुनी पावतीपुस्तकं, आणि वडिलांची फोननंबरांची डायरी. डायरीत नाव "बंड्या, गारगोटी" किंवा "चष्मेवाला" असं असतं. ते आईला दाखवा, ती लगेच ओळखते.

एक गट हमखास राहून जातो: बाहेरगावची पोरं. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढली, तेव्हापासून राधानगरी, चंदगड, शाहूवाडीकडची पोरं शिकायला कोल्हापुरात राहत आली. नंतरच्या काळात खोली करून, खानावळीचा डबा लावून राहणारेही तेच. खानावळीला सुट्टी असली, की रात्रीचं जेवण मित्राच्या घरी. अशा पोरांची वडिलांबद्दलची आठवण सगळ्यात नेमकी असते, कारण तेव्हा त्यांना भूक लागलेली होती. पण ते गावी परतलेले असतात आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसतात. एका मित्राला फक्त याच शोधाचं काम द्या.

यादी ६० नावांवर थांबवा. त्यातली साधारण ४० माणसं येतात. यादी शंभरावर गेली की कार्यक्रम मेळावा होतो, आणि मेळाव्यात कुणी काही सांगत नाही.

विचारायचं कसं

"काकांबद्दल चार शब्द लिहून पाठवा" असा मेसेज टाकला तर तीनच प्रकारची उत्तरं येतात: "मनमिळाऊ स्वभाव", "सदैव हसतमुख" आणि हात जोडल्याची खूण. दोष लिहिणाऱ्याचा नाही. चार शब्द म्हटलं की माणूस शोकसभेची भाषा काढतो.

प्रश्न वस्तूचा, जागेचा किंवा तोंडून निघालेल्या वाक्याचा असला पाहिजे. हे चालतात:

काका तुला कोणत्या नावानं हाक मारायचे? घरात आल्यावर पहिलं काय विचारायचे? तू कुठं बसायचास? तुझ्यासाठी मुद्दाम काय आणून ठेवायचे? पन्हाळ्याला किंवा नरसोबाच्या वाडीला जायचं ठरलं तेव्हा तुझ्या घरची परवानगी कुणी काढली, आणि तुझ्या वडिलांशी ते काय बोलले? तुझी मॅच बघायला शाहू स्टेडियमवर आले होते का, आणि हरल्यावर काय म्हणाले? तुमची दोघांची भांडणं झाली तेव्हा ते कुणाच्या बाजूनं बोलले? तुला कधी रागावले का, कशावरून?

शेवटचे दोन प्रश्न वगळू नका. मुलाची मैत्री जपणारा बाप म्हणजे नुसता खाऊपिऊ घालणारा नव्हे. दोघांत अबोला धरला की तो "त्याच्याकडं जाऊन हे देऊन ये" असं काहीतरी काम काढून पोराला मित्राच्या दारात पाठवायचा. हे तेव्हा कळत नाही. दोघांनाही वेगवेगळं विचारलं, की दोन टोकं जुळतात.

मैत्रिणींना वेगळे प्रश्न लागतात. गणपती विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवरून घरी कुणी सोडलं, उशीर झाल्यावर आधी फोन कुणी केला, अभ्यासाला आलेल्या मुलीसाठी दार उघडं ठेवून बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत कोण बसायचं. त्यांच्या आईवडिलांनी ज्या घरावर विश्वास टाकला, तो बऱ्याचदा त्या घरातल्या बापाच्या अशा वागण्यावर टाकलेला असतो.

एका वेळी तीनच प्रश्न पाठवा. दहा पाठवले तर "निवांत लिहितो" असं उत्तर येतं आणि तो निवांत कधी होत नाही. लिहायला कंटाळणाऱ्याला आवाज पाठवायला सांगा. आलेला व्हॉइस मेसेज त्याच दिवशी फोनमधून बाहेर काढून फोल्डरमध्ये ठेवा. फोन बदलला आणि बॅकअप नसला की गेलं. फाइलला नाव द्या: आधी माणसाचं नाव, मग गाव, मग तारीख. "ऑडिओ १, ऑडिओ २" अशा ४५ फाइली दोन महिन्यांनी कुणालाच उलगडत नाहीत.

आठ-दहा जणांना मात्र प्रत्यक्ष भेटा. फोन विमान-मोडवर टाकून, पंखा बंद करून, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर पुस्तकावर ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर कपाचा प्रत्येक ठोका रेकॉर्ड होतो. हॉटेलात बसू नका; मागं बशांचा आवाज आणि "दोन मिसळ, एक कट" एवढंच ऐकू येतं. पाऊण तास पुरे. आणि बोलणं संपल्यावर लगेच रेकॉर्डिंग बंद करू नका. खरी गोष्ट माणूस चपला घालताना सांगतो.

उतरवून काढताना भाषा सुधारू नका. काका "लई शाना झालास व्हय रं?" म्हणाले असतील तर तसंच ठेवा. त्याचं "खूप शहाणा झालास का?" केलंत तर ते वाक्य आता दुसऱ्या कुणा काकांचं झालं.

आईकडं शेवटी नाही, आधी जा. वडिलांनी पोरांना जेवायला थांबवलं म्हणजे भाकऱ्या कुणीतरी वाढीव थापल्या. त्यांच्या दिलदारीचं निम्मं ओझं आईच्या परातीवर होतं, आणि ते न लिहिणारी पुस्तिका अर्धी समजावी. तिला "वाईट वाटलं का" असं विचारू नका. "आठ जण आयत्या वेळी आले तर काय करायचात" असं विचारा. झुणका, खर्डा, दही, आदल्या दिवशीची भाकरी कुस्करून, असा सगळा हिशेब बाहेर येतो, आणि त्याबरोबर थोडा रागही येतो. तोही ठेवा.

भावंडांमध्ये एक जण असा असतो, की "आमच्यापेक्षा त्याच्या मित्रांनाच जास्त दिलं" हे त्याच्या मनात असतं. कामाच्या सुरुवातीलाच त्याला सोबत घ्या. नाहीतर पुस्तिका छापखान्यात जाताना भांडण निघतं.

पैशांची मदत: इथं जपून

वडिलांच्या कपाटात एखादी वही सापडते. त्यात नावं, रकमा, तारखा. काहींवर काट, काहींवर नाही. ही वही कुणाला दाखवू नका, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, आणि तिच्यावरून मित्राला प्रश्न विचारू नका. ज्यानं मदत गुप्त ठेवली त्याच्या आठवणीत ती चव्हाट्यावर आणणं म्हणजे त्याचीच सही खोडणं.

मित्रानं स्वतःहून सांगितलं तरी छापण्याआधी दोनदा विचारा: एकदा सांगताना, एकदा मजकूर दाखवून. मधल्या काळात त्यानं बायकोला विचारलेलं असतं आणि उत्तर बदललेलं असतं. रक्कम छापू नका. "परीक्षेची फी भरली" एवढं पुरतं.

कार्यक्रमाच्या दिवशी एक-दोघे पाकीट घेऊन येतात: "काकांचं राहिलं होतं." यावर काय बोलायचं ते भावंडांनी आधी ठरवून ठेवा. घ्यायचं असेल तर बाजूला बोलावून घ्या. नको असेल तर "राहू दे" म्हणून त्याला परत पाठवू नका, कारण त्याला ते ओझं उतरवायचं असतं. वडिलांच्या किंवा त्याच्या शाळेत एखाद्या गरजू मुलाची फी भरायची आणि शाळेची पावती त्यालाच नेऊन द्यायची, हा तोडगा दोन्ही बाजूंना पटतो. शाळेच्या ऑफिसात आधी विचारून ठेवा. पावती कुणाच्या नावानं, रोख चालते का, हे त्या दिवशी शोधत बसायला नको.

फोटो

मित्रांकडचे फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं स्पष्ट सांगा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर चेहरे पुसट येतात. कागदावरचे जुने फोटो ६०० डीपीआयला (हे स्कॅनच्या बारकाईचं माप) स्कॅन करा. पासपोर्ट आकाराचे किंवा गटातला एकच चेहरा मोठा करायचा असेल तर १२०० ला. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडत नाही अशा उजेडात, फ्लॅश न लावता, फोन फोटोला अगदी समांतर धरून टिपा.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, मधून फाटतात. दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. निघाला तर ठीक, नाहीतर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन होतो, त्याला हात लावू नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या घरांतले कितीतरी अल्बम भिजले, आणि ते अजून तसेच, विटेसारखे घट्ट होऊन माळ्यावर पडलेले असतात. जे वरचं दिसतंय ते आधी स्कॅन करून घ्या. मग एखादा बिनमहत्त्वाचा गठ्ठा स्वच्छ गार पाण्यात अर्धा तास बुडवून बघा. जुने स्टुडिओत धुतलेले फोटो पाण्यात सुटतात आणि गाळही निघतो. घरच्या किंवा दुकानातल्या इंकजेट प्रिंटरवरचे मात्र पाण्यात रंग सोडतात, ते भिजवू नका. सुटलेला फोटो चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. उन्हात वाळवला तर गुंडाळी होते. कुठल्याही फोटोच्या पाठीवर बॉलपेननं नावं लिहू नका, अक्षरं पुढून उमटतात. मऊ पेन्सिल वापरा.

पुस्तिका

ए-पाच आकार घ्या. आतली पानं चारच्या पटीत हवीत, कारण मध्ये पिना मारून बांधायची असते. ३२ पानं पुरतात. आतला कागद ९० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा, न चमकणारा, कव्हर २५० ते ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड. आतून चकचकीत आर्टपेपर घेऊ नका. फोटो छान दिसतात, पण मजकूर वाचताना ट्यूबलाइट चमकते आणि ज्येष्ठ माणसं पुस्तक बाजूला ठेवतात. १२ पॉइंटच्या अक्षरात एका पानावर साधारण २०० ते २५० शब्द बसतात. म्हणजे माणशी एक पान धरलं तर २२-२४ जणांचा मजकूर आणि उरलेल्या पानांत फोटो. शंभरच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई. ऑफसेट परवडायला प्रती पाचशेच्या पुढं लागतात.

सगळ्यात जास्त घोळ फॉन्टमध्ये होतो. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये देता, डीटीपीवाला तो जुन्या फॉन्टमध्ये फिरवतो, आणि "ऱ्या", "र्‍हा", "ॲ", रफार आणि अर्धे अक्षर बिघडतात. "बऱ्याच" चं "बर्याच" होतं. त्यामुळं युनिकोडमध्येच जुळणी करून फॉन्टसकट पीडीएफ मागा आणि तपासणी पडद्यावर न करता कागदावर करा. दोघांनी करा, त्यातला एक घराबाहेरचा हवा. घरच्यांना चुका दिसत नाहीत, त्यांना वडील दिसतात.

प्रत्येकाला त्याचं पान पाठवून नाव, गाव आणि मजकूर यांची संमती लेखी घ्या. "ओके" एवढंही चालतं. पेठेचं नाव चुकलं तर लोक माफ करतात, तालमीचं चुकलं तर नाही.

क्रम वयानं किंवा हुद्द्यानं लावू नका. घरात कोण कधीपासून यायला लागला त्या क्रमानं लावा: बालवाडीतला पहिला, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरचा शेवटी. वाचताना बाप आपोआप म्हातारा होत जातो.

जेवण, ४० माणसांचं

यादी करताना कोण काय खातं ते आधी लिहा. कोल्हापुरात एका वर्गात जैन, लिंगायत, मुसलमान, मराठा अशी सगळी पोरं असतात आणि या बापानं ते कधी विसरलेलं नसतं. मटण हलाल पद्धतीनं कापलेलंच आणा, म्हणजे सगळे एका पातेल्यातलं खातात, आणि मुस्लिम मित्राला तसं फोन करून आधीच सांगा, त्याला विचारायला लावू नका. जैन मित्रांसाठी कांदा, लसूण, बटाटा न घालता वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या शेगडीवर स्वयंपाक लागतो; जेवण दुपारी ठेवलं की दिवस मावळण्याचा प्रश्नच येत नाही. आणि ज्यानं कॉलेजात चार वाट्या रस्सा ओरपला होता त्यानं मधल्या काळात माळ घातलेली असते, हेही धरा. १२ शाकाहारी असतील तर सव्वा किलो अख्खा मसूर पुरतो.

२८-३० मटणवाल्यांना माणशी पाव किलोच्या हिशेबानं साडेसात किलो बोकडाचं मटण आणि वर दीड किलो नळ्या-हाडं. खाटकाला आदल्या दिवशी सांगा: मांडी, खांदा, चाप मिळून, तुकडा मध्यम. रविवारी सकाळी जाऊन रांगेत उभं राहिलात तर एक वाजता जेवण होणार नाही.

आधी अळणी काढायचं. मोठ्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा, आलं-लसणाची गोळी, मीठ आणि मटण परतून झाकणावर पाणी ठेवा. मटणाला पाणी सुटलं की १४-१५ लिटर कढत पाणी घाला आणि तासभर ते सव्वा तास मंद शिजवा. हळद घालू नका, नाहीतर पांढरा रस्सा पिवळा येतो. शिजल्यावर मटण सुक्क्यासाठी बाजूला काढून अळणी गाळून निम्मं-निम्मं करा.

पांढऱ्यासाठी ६-७ मोठे नारळ. पहिलं दाट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. २०० ग्रॅम काजू, १५० ग्रॅम खसखस आणि १०० ग्रॅम पांढरे तीळ भिजवून अगदी गंधासारखं वाटा. रवाळ राहिलं की तळाला बसतं आणि करपतं. तुपावर दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरे टाकून वाटण परता, रंग बदलू देऊ नका. मग अळणी, मग पातळ दूध, आणि शेवटी दाट दूध. दाट दूध पडल्यावर खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो आणि वर तेलकट गोळे येतात. फुटलेला रस्सा सावरत नाही. त्यामुळं मंद आच, सतत डाव, कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद.

तांबड्यासाठी दोन किलो कांदा, पाऊण किलो सुकं खोबरं, अर्धा किलो टोमॅटो, पाव किलो लसूण, दीडशे ग्रॅम आलं, तीन जुड्या कोथिंबीर यांचं भाजून वाटण. खोबरं तांबूस होताच उतरवा, काळं पडलं तर सगळ्या पातेल्याला कडवटपणा येतो. पाऊण किलो तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता. मग गॅस बारीक करून कांदा-लसूण चटणी घाला, सुक्क्यासकट ३०० ते ३५० ग्रॅम, आणि लगेच दोन डाव अळणी ओता. कडक तेलात चटणी पडली तर ती जळते, ठसका उठतो आणि रंग विटकरी होतो. पुढचं अळणीही कढतच घाला. गार पाणी घातलं की कट वर येत नाही. पुण्या-मुंबईत राहून आलेले मित्र आणि त्यांची मुलं तिखटाला घाबरतात. त्यांच्यासाठी चटणी कमी करू नका, पांढरा जास्त करा.

माणशी दोन्ही रस्से ३०० ते ३५० मिलिलिटर धरा. ज्वारीच्या ८० भाकऱ्या बचत गटाच्या बायकांना दोन दिवस आधी सांगा. घरात थापायला बसलं तर आई पुन्हा चुलीपुढंच. तांदूळ तीन किलो, लिंबं २०, कांदा तीन किलो. कागदी वाट्या आणि द्रोण कढत रस्स्यात पाच मिनिटांत मऊ पडतात. भांड्याच्या दुकानातून स्टीलच्या शंभर वाट्या भाड्यानं आणा, नेताना आणि परत देताना मोजून.

बुफे लावू नका. २०-२० च्या दोन पंगती, वाढायला पाच मित्र. वडील हातानं वाढायचे आणि नको म्हटलं की वाटी ओढून घ्यायचे, ते बुफेत जमत नाही.

त्या दिवशीचा वेळ

सकाळी सात वाजता शेगडी पेटली तर साडेबाराला सगळं तयार होतं. बोलायचं साडेदहा ते बारा. जेवणानंतर ठेवलं तर अर्धे पेंगतात, अर्धे पानाला बाहेर पडतात. १२ जणांना आधी सांगून ठेवा, प्रत्येकी पाच मिनिटं. सूत्रसंचालक, शाल-श्रीफळ, नगरसेवकांचे दोन शब्द यांतलं काही नको. माइकही नको, माइक हातात आला की माणूस "आज आपल्यात नाहीत" पासून सुरू होतो. सगळ्यांना गोल बसवा, फोटो मधल्या टेबलावर पसरा, आणि प्रत्येकानं एक फोटो उचलून त्याबद्दल सांगायचं.

बाहेरगावचे आदल्या संध्याकाळी येणार असतील तर जुनी फेरी करा: गंगावेशीत धारोष्ण दूध, रंकाळ्यावर चक्कर, खासबागेजवळ भेळ. जिथं वडिलांनी पैसे दिले होते तिथं आता कोण देणार यावरून ओढाताण होते. एकानं आधीच गुपचूप देऊन टाकावेत.

नंतर

उरलेला तांबडा डब्यातून द्या, पांढरा देऊ नका. नारळाच्या दुधामुळं दुपारच्या उन्हात तो आंबतो. रेकॉर्डिंगं, फोटो आणि पुस्तिकेची फाइल तीन ठिकाणी ठेवा: एक पेनड्राइव्ह आईच्या कपाटात, एक हार्डडिस्क परगावच्या भावंडाकडं, एक प्रत ऑनलाइन. पेनड्राइव्ह वर्षातून एकदा उघडून बघा.

६० पुस्तिका छापल्यात तर ४० त्या दिवशी जातात, १० न आलेल्यांना पोस्टानं, १० घरात. पुस्तिका हातात पडल्यावर पंधरा दिवसांत फोन यायला लागतात: "अरे, ते सांगायचं राहिलंच की." त्यासाठी फाइल बंद करू नका. दीड महिना वाट बघा, नवं आलेलं आठ पानांत बसवा आणि तेवढ्याच पानांची पुरवणी काढा. पहिल्याच कागदावर, त्याच आकारात, म्हणजे आत सरकवता येते.